विश्लेषण : स्टॉल टाळण्यासाठी बांधलेले विमानच जीवघेणे का ठरले?

घरी बांधलेल्या हलक्या विमानांचा इतिहास आन्री मिन्ये या फ्रेंच माणसाच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही. विमानाला ‘स्टॉल’ आणि ‘स्पिन’पासून मुक्त करायचे, हा त्यांचा ध्यास होता. तो बऱ्याच अंशी साधला, पण त्याची किंमत काही वैमानिकांना मोजावी लागली.

स्टॉल आणि स्पिन म्हणजे काय?

समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातील कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला की हवा पंखाला चिकटून वाहत नाही. पंखाची उचल अचानक घटते. हाच स्टॉल. अशा वेळी विमान एका बाजूला वळत असेल, तर एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त उचल गमावतो आणि विमान गिरक्या घेत खाली येते. हा स्पिन. घाबरलेला वैमानिक दांडा मागे ओढतो आणि संकट वाढते. उतरण्यापूर्वीच्या वळणावर हे घडले, तर सावरायला उंचीच उरत नाही.

मिन्ये यांनी काय केले?

मिन्ये यांचा जन्म १८९३ चा. नेहमीच्या विमानात हातापायांचा मेळ घालणे त्यांना जड जाई. सामान्य माणसाचीही हीच अडचण असणार, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या ‘एचएम-१४’ विमानाने १० सप्टेंबर १९३३ रोजी पहिले उड्डाण केले. त्याला एकामागे एक असे दोन पंख होते. पायाने चालवायचे सुकाणू नव्हते, सगळे नियंत्रण एका दांड्यात होते. दांडा मागे ओढला की पुढचा अख्खा पंख तिरका होई. दोन पंखांमधल्या फटीतून वाहणाऱ्या हवेमुळे विमान एकदम कोसळण्याऐवजी हळूहळू खाली येई.

लाकडी खोके ठोकता येणाऱ्याला विमानही बांधता येईल, असा त्यांचा विश्वास होता. १९३४ मध्ये त्यांनी बांधणीची सगळी माहिती पुस्तकात दिली. या विमानाचे फ्रेंच नाव ‘आकाशातली ऊ’, तर इंग्रजी नाव ‘उडती पिसू’. १९३५ मध्ये मिन्ये स्वतः इंग्लिश खाडी ओलांडून ब्रिटनला गेले आणि तिथेही घरोघरी हातोडे वाजू लागले.

मग चुकले कुठे?

लवकरच जीवघेणे अपघात होऊ लागले. नाक खाली करून झेपावलेली विमाने पुन्हा वर येत नव्हती. १९३६ मध्ये फ्रान्समधील शाले-मदों आणि ब्रिटनमधील फार्नबरो येथे पूर्ण आकाराचे विमान वाऱ्याच्या बोगद्यात तपासले गेले. नाक ठरावीक मर्यादेपलीकडे खाली गेले, की दांडा पूर्ण ओढूनही उपयोग होत नसे. पुढच्या पंखाचा कोन वाढे, पण त्याच्या अगदी जवळ असलेल्या मागच्या पंखाचीही उचल वाढून शेपूट वरच राही. ज्या फटीने स्टॉलपासून वाचवले, तीच इथे नडत होती. दोन्ही देशांत या विमानांची उड्डाणे थांबली.

पुढे काय झाले?

मिन्ये यांनी कल्पना सोडली नाही. पंखांची रचना आणि त्यांच्यातील अंतर बदलून ते नवे नमुने आखत राहिले. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. सुधारित ‘पिसू’ आजही हौशी मंडळी बांधतात आणि उडवतात. एक धोका टाळणारी रचना दुसरा धोका तर आणत नाही ना, हे उड्डाणापूर्वीच तपासायला हवे, हा त्यांच्या आयुष्याचा धडा घरी विमान बांधणाऱ्या प्रत्येकासाठी आजही लागू आहे.