शिशाच्या बॅटरीचे जनक : गास्तों प्लांते



आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होतो, दिवे लागतात आणि अभ्यास थांबत नाही. ट्रॅक्टरची किल्ली फिरवली की इंजिन सुरू होते. या दोन्ही कामांमागे बहुधा एकच वस्तू असते, ती म्हणजे शिशाची बॅटरी. ती प्रथम तयार करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत. आता बाजारात लिथियम बॅटऱ्या आल्या आहेत. जुनी काढून नवी बसवताना काय सांभाळावे, हे प्लांते यांच्या कामावरून चांगले समजते. म्हणूनच हे चरित्र आम्ही मुद्दाम निवडले आहे.

प्लांते यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील ओर्तेझ या गावी झाला. त्यांचे धाकटे बंधू फ्रान्सिस हे पुढे नामवंत पियानोवादक झाले. गास्तों यांचा ओढा मात्र विज्ञानाकडे होता. १८५४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, पॅरिसच्या कला व उद्योग शिक्षण संस्थेत ते एदमों बेकरेल यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. प्रकाश पडल्यावर वीज निर्माण होते, हे याच बेकरेल यांनी १८३९ साली दाखवून दिले होते. आज छतावर सौर पत्रे आणि खाली बॅटरी अशी जोडी आपण पाहतो. त्यातील एकाचे मूळ गुरूच्या प्रयोगात आहे आणि दुसऱ्याचे शिष्याच्या.

तरुण प्लांते यांची जिज्ञासा एकाच विषयापुरती नव्हती. १८५५ साली पॅरिसजवळ त्यांना एका प्रचंड, न उडणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे अवशेष सापडले. त्या पक्ष्याला त्यांच्याच नावावरून 'गास्तोर्निस' असे नाव देण्यात आले. जमिनीत दडलेले हाड असो की धातूवर दिसणारा बारीक बदल, लक्ष देऊन पाहण्याची सवय त्यांच्या अंगी होती.

त्या काळी विद्युत्घट होते, पण त्यातील रसायने संपली की घट निकामी होई. वीज साठवून ठेवावी आणि हवी तेव्हा पुन्हा वापरावी, अशी सोय नव्हती. प्लांते यांनी निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या आम्लाच्या पाण्यात बुडवून त्यातून वीज सोडली. वीज बंद केल्यावर पट्ट्यांतून उलट दिशेने थोडा प्रवाह परत येतो, हे आधीच्या संशोधकांनाही दिसले होते. कोणत्या धातूत हा परिणाम सर्वांत जोरकस असतो, ते प्लांते यांनी चिकाटीने तपासले. उत्तर मिळाले, शिसे. १८५९ साली त्यांनी शिशाचे दोन पत्रे घेतले, मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवल्या, त्यांची गुंडाळी केली आणि ती सौम्य गंधकाम्लात बुडवली. पुन्हा पुन्हा चार्ज करता येईल अशी पहिली उपयुक्त बॅटरी ती हीच. १८६० साली अशा नऊ घटांची बॅटरी त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे सादर केली. त्याच वर्षी लोकशिक्षणाचे काम करणाऱ्या एका संस्थेत ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

आता त्यांच्या कामातील सर्वांत महत्त्वाचा भाग. नवा घट पहिल्या दिवशी फार थोडी वीज साठवी. प्लांते त्याला चार्ज करीत, रिकामा करीत, प्रवाहाची दिशा उलटवीत, मध्ये विश्रांती देत आणि पुन्हा चार्ज करीत. हे महिनोन् महिने चाले. हळूहळू शिशाचा पृष्ठभाग सच्छिद्र होई आणि घटाची शक्ती वाढे. घरोघरी वीज नव्हती, म्हणून हे सर्व चार्जिंग ते साध्या रासायनिक घटांवर करीत. या धीराच्या कामातून त्यांनी जाणले की घट कसा बनवला याइतकेच तो कसा चार्ज केला यालाही महत्त्व आहे. बॅटरी आणि तिचे चार्जिंग यांची जोडी असते. एक बदलले तर दुसरेही पाहावे लागते.

प्लांते यांनी पुढे ८०० घट एकत्र जोडून प्रयोग केले आणि आकाशातील विजेसारखे परिणाम प्रयोगशाळेत अभ्यासले. मेणबत्ती पेटवणारे एक छोटे यंत्रही त्यांनी बनवले आणि त्याला शनीचे नाव दिले, कारण युरोपातील जुने किमयागार शिसे हा शनीचा धातू मानीत. आपल्याकडे तो मान लोखंडाला आहे. १८७९ साली त्यांचा विद्युत्-संशोधनाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८१ च्या सुमारास कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ती काढली. त्यामुळे महिन्यांचे काम वाचले आणि कारखाने सुरू झाले. २१ मे १८८९ रोजी पॅरिसजवळ प्लांते यांचे निधन झाले. त्यांची बॅटरी मात्र दीडशेहून अधिक वर्षे टिकून आहे. लिथियमवर धावणाऱ्या अनेक विजेच्या मोटारींतही दिवे, कुलपे यांसाठी १२ व्होल्टची साहाय्यक बॅटरी शिशाचीच असते.

इन्व्हर्टर व इतर साहाय्यक कामांसाठी आज जी लिथियम बॅटरी बहुधा घेतली जाते, ती लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारची असते. तिचे मूळ १९९७ साली पाढी, नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनी टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आहे. ती हलकी असते, तिला पाणी घालावे लागत नाही आणि ती जास्त वर्षे टिकते. किंमत मात्र जास्त असते. जुनी बॅटरी नीट चालत असेल तर घाई करण्याचे कारण नाही.

बदलायचीच असेल तर प्लांते यांचा धडा आठवावा. शिशाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत २ व्होल्टचे ६ घट असतात. लिथियमच्या बॅटरीत ३.२ व्होल्टचे ४ घट, म्हणजे १२.८ व्होल्ट. आकडे जवळचे, पण स्वभाव वेगळा. काही जुने इन्व्हर्टर शिशाच्या बॅटरीला मधूनमधून १५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब देतात. लिथियमच्या या बॅटरीची कमाल मर्यादा सुमारे १४.६ व्होल्ट आहे. म्हणून इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सोय आहे काय, हे आधी पाहावे. नसेल तर चार्जरही बदलावा. बॅटरीच्या आत प्रत्येक घटावर लक्ष ठेवणारी संरक्षक यंत्रणा असलीच पाहिजे. सुटे घट जोडून केलेली स्वस्त बॅटरी घेऊ नये. जुनी शिशाची आणि नवी लिथियमची एकत्र जोडू नये. बॅटरीच्या धन टोकाजवळ योग्य फ्यूज असावा, कारण तारा एकमेकींना चिकटल्या तर लिथियम बॅटरी क्षणात प्रचंड प्रवाह सोडते. अनेक बॅटऱ्यांच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी ४५ अंशांची मर्यादा दिलेली असते. आपल्याकडचा मे महिना लक्षात घेता ती पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. मुलांनी दुरून पाहावे, हात लावू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काढलेली जुनी बॅटरी कधीही फोडू नये, तिचे आम्ल नालीत ओतू नये आणि ती अंगणात पडू देऊ नये. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. शरीरात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे, आणि निष्काळजीपणे फोडलेल्या बॅटऱ्या हे त्याचे एक मोठे कारण आहे. आपल्या देशात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे जमा करावी आणि पावती घ्यावी. त्यातील शिसे वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत वापरता येते.

प्लांते यांनी शिशाकडून जे काम करून घेतले, त्याचा लाभ आपल्या घरोघरी पोहोचला आहे. त्या शिशाला निरोप देतानाही तीच काळजी आणि तोच धीर आपण दाखवावा, अशी आमची पालक व विश्वस्त मंडळींना विनंती आहे. विद्यार्थी मित्रांनी आपल्या घरी कोणती बॅटरी आहे, तिच्यावर किती व्होल्ट लिहिले आहेत आणि ती केव्हा घेतली, हे मोठ्यांना विचारून वहीत अवश्य टिपून ठेवावे.