डॉ. कमल रणदिवे : कर्करोग का होतो, याचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञ

लातूर किंवा नांदेडहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत तपासण्यांची जाड फाइल छातीशी धरून बसलेले एखादे कुटुंब हमखास दिसते. सकाळी दादरला उतरून त्यांना परळच्या टाटा रुग्णालयात जायचे असते. त्यांच्या मनात दोन प्रश्न असतात. हिचा आजार बरा होईल का? आणि हा आजार हिलाच का झाला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळदा घरातच ठरून जाते. कुणी नजर लागली म्हणते, कुणी मागच्या जन्मीचे पाप, तर कुणी म्हणते मुलाला नीट अंगावर पाजले नाही. आधीच घाबरलेल्या बाईच्या डोक्यावर दोषाचेही ओझे येते. याच टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पुण्याच्या एका तरुण स्त्रीने हा दुसरा प्रश्न हाती घेतला होता. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे.

डॉक्टरकीऐवजी पेशींचा अभ्यास

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलगे असोत वा मुली, सर्वांनी शिकलेच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. कमल हुजूरपागा शाळेत आणि नंतर फर्ग्युसनमध्ये शिकल्या. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी दोन्ही बाबतींत वेगळा रस्ता धरला. त्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकल्या आणि १९३९ साली गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी अभ्यासल्या. बालाघाटाच्या डोंगरातले सीताफळ आपल्या ओळखीचे. त्याच कुळावर एका भावी कर्करोग संशोधक स्त्रीचा हात बसला. पेशीत गुणसूत्रे कशी असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या गुण कसे उतरतात, हे त्यांना तिथे कळले. कर्करोग म्हणजे पेशींची बेलगाम वाढ. त्यामुळे झाडापासून माणसाच्या आजाराकडे येताना त्यांना विषय बदलावा लागला, पण विद्या तीच राहिली.

टाटा रुग्णालयातील पीएच.डी.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. भारतातील विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून कमल रणदिवे यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

त्यानंतर शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर, बाटलीत पेशी जिवंत ठेवून वाढवण्याच्या तंत्रात गे यांचा हातखंडा होता. या तंत्राला टिश्यू कल्चर म्हणतात. अर्धापूरच्या केळी बागायतदारांना हा शब्द नवा नाही. ऊतीच्या लहानशा तुकड्याला योग्य पोषण आणि निर्जंतुक वातावरण दिले की पेशी वाढतात, हे मूळ तत्त्व दोन्हीकडे सारखेच. केळीत त्यातून रोपे मिळतात. कर्करोगाच्या पेशी अशा वाढवल्या की रुग्णाला त्रास न देता आजाराचे वागणे पाहता येते आणि औषधांचा परिणाम तपासता येतो.

परदेशात राहण्याऐवजी त्या मुंबईला परतल्या. टाटा रुग्णालयाच्या या प्रयोगशाळेतूनच १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. तिथे कमल रणदिवे यांनी देशातील पहिली टिश्यू कल्चर संशोधन प्रयोगशाळा उभारली. पुढे १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या.

उंदरांनी काय शिकवले?

स्तनाच्या कर्करोगाचे कारण शोधताना त्यांनी उंदरांचे वेगवेगळे वाण अभ्यासले. काही वाणांत बहुतेक माद्यांना स्तनाच्या गाठी होतात, काहींत क्वचितच. एका वाणाला होतो आणि दुसऱ्याला का नाही? या कामातून तीन धागे पुढे आले.

पहिला धागा आनुवंशिकतेचा. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत रणदिवे यांची गणना होते. त्यांनी काम सुरू केले, तेव्हा कोणता जनुक जबाबदार आहे हे कुणालाच माहीत नव्हते. बीआरसीए-१ हा जनुक १९९४ साली आणि बीआरसीए-२ त्यानंतर वर्षभराने ओळखला गेला. आज आपल्याला माहीत आहे की स्तनाच्या १०० कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० मध्येच असा वारशाने आलेला दोष असतो. म्हणून घरात कुणालाच नव्हता, मग हिला कसा, या प्रश्नात नवल काही नाही. बहुतेक रुग्णांच्या घरात तो आधी कुणालाच नसतो.

दुसरा धागा संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा. स्तनाच्या पेशी इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली वाढतात. पाळी लवकर सुरू होणे, उशिरा थांबणे, पहिले मूल उशिरा होणे किंवा न होणे, पाळी गेल्यानंतर वाढलेले वजन यांमुळे धोका थोडा वाढतो, तो याच कारणाने. तुमच्या फाइलमध्ये ईआर आणि पीआर या नावांची तपासणी असेल. गाठीच्या पेशींवर संप्रेरकांचे ग्राहक आहेत का, हे ती सांगते. असतील तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी साधारणपणे ५ वर्षे किंवा अधिक काळ घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडू नये.

तिसरा धागा विषाणूचा. काही वाणांच्या उंदरांत कर्करोगाला कारणीभूत असलेला विषाणू आईच्या दुधातून पिलांत जातो, हे तोपर्यंत कळले होते. विषाणू, संप्रेरके आणि वाणाची जात यांचा एकमेकांशी संबंध कसा लागतो, हे रणदिवे यांनी तपासले. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही बाब उंदरांची आहे. माणसात आईच्या दुधातून बाळाला कर्करोग होत नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचा धोका काहीसा कमी होतो. पण कर्करोग झालेल्या बाईने मुलाला कमी पाजले म्हणून तो झाला, असे कुणाही एका रुग्णाबाबत म्हणता येत नाही. असंख्य मुले वाढवलेल्या बायकांनाही तो होतो. औषधे चालू असताना मात्र बाळाला पाजावे की नाही, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

थोडक्यात, कारण एकच नसते. अनेक गोष्टी जुळून येतात आणि त्यांतील बऱ्याचशा कुणाच्याच हातात नसतात.

कुष्ठरोग आणि खेड्यातील बायका

रणदिवे यांचे काम कर्करोगापुरते राहिले नाही. कुष्ठरोग्यांपासून मिळवलेले जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याच्या त्यांच्या केंद्रातील संशोधनातून पुढे कुष्ठरोगावरील लसीचे काम झाले. त्यासाठी १९६४ साली त्यांना वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले.

१९७३ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. पुढे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात राजूर परिसरात, त्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत होत्या आणि गावातल्या बायकांपर्यंत आरोग्याची माहिती पोहोचवत होत्या. प्रयोगशाळेत कळलेले गावापर्यंत गेले नाही तर त्याचा उपयोग अर्धाच, हे त्यांनी कृतीतून दाखवले. आज त्या हयात नाहीत, पण त्यांनी विचारलेला प्रश्न प्रत्येक घरात जिवंत आहे.

घरच्यांनी काय करावे?

• रुग्णाला दोष देऊ नका. कर्करोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा जवळ झोपल्याने पसरत नाही. छातीला मार लागल्यानेही तो होत नाही.

• आई, बहीण, मुलगी, मावशी, आत्या किंवा आजी यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना सांगा. वडिलांकडचा इतिहासही तितकाच महत्त्वाचा.

• स्तनात किंवा काखेत गाठ, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच दाखवा. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

• पहिल्या तपासणीसाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. नांदेड आणि लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सुरुवात करता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे; रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करा.

हिलाच का झाला, याचे पूर्ण उत्तर दर वेळी मिळेलच असे नाही. पण तिच्या चुकीमुळे झाला नाही, एवढे तिला घरच्यांनी आजच सांगावे.