औषधांच्या दुकानातील शास्त्रज्ञ : कार्ल शेले

घरची परिस्थिती बेताची म्हणून शाळा सोडून दुकानात उमेदवारीला लागलेली मुले आपल्या समाजात पुष्कळ आहेत. आता शिक्षण संपले, असे त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना वाटते. त्यांनी कार्ल विल्हेल्म शेले यांचे चरित्र अवश्य वाचावे.

शेले यांचा जन्म १७४२ साली स्ट्रालसुंड येथे झाला. हे बंदर आज जर्मनीत आहे; त्या वेळी ते स्वीडनच्या ताब्यात होते. अकरा भावंडांत ते सातवे. चौदाव्या वर्षी ते गोथेनबर्गच्या एका औषधविक्रेत्याकडे उमेदवार म्हणून राहिले. दिवसा औषधे कुटायची, गाळायची आणि रात्री मालकाच्या संग्रहातील रसायनशास्त्राची पुस्तके वाचून प्रयोग करायचे, असा क्रम त्यांनी आठ वर्षे चालविला. मालकानेही त्यांना अडविले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे गावे बदलली, दुकाने बदलली; अभ्यास मात्र सुटला नाही. विद्यापीठाची पदवी त्यांना कधीच मिळाली नाही.

काही धातूंची संयुगे आपल्यात प्राणवायू साठवून ठेवतात व तापविली की तो सोडतात. शेले यांनी पाऱ्याचे तांबडे भस्म तापविले, मँगॅनीजच्या काळ्या खनिजावर तीव्र गंधकाम्लाचा प्रयोग केला. प्रत्येक वेळी एकच वायू मिळाला, आणि त्यात मेणबत्ती लखलखीत जळू लागली. हाच प्राणवायू! १७७२ च्या सुमारास त्यांनी तो ओळखला होता. परंतु त्यांचा ग्रंथ छापून येण्यास १७७७ साल उजाडले. इंग्लंडच्या प्रीस्टली यांनी १७७४ साली स्वतंत्रपणे केलेला शोध त्याआधीच प्रसिद्ध झाला आणि मोठा मान त्यांना मिळाला.

बॅटरीच्या साध्या सेलमध्ये जी काळी पूड असते, तिच्यात हेच मँगॅनीजचे संयुग असते. १७७४ साली शेले यांनी त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रयोग केला, तेव्हा फुलांचा रंग उडविणारा, गुदमरविणारा हिरवट-पिवळा वायू निघाला. तो क्लोरीन होय. ते मूलद्रव्य आहे हे मात्र १८१० साली डेव्ही यांनी दाखविले. आज पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी तो वापरतात. १७७५ साली स्वीडनच्या विज्ञान अकादमीने शेले यांना सभासद करून घेतले, तेव्हा ते अजून साधे औषधशाळेतील उमेदवारच होते!

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पदार्थ हुंगून व चाखून पाहण्याची त्यांना सवय होती. पारा, आर्सेनिक यांसारखी विषे त्यांनी वर्षानुवर्षे हाताळली. १७८६ साली, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, कोपिंग या लहानशा गावी त्यांचे निधन झाले. या विषांनीच त्यांचे आयुष्य खुंटविले, असे अनेकांचे मत आहे. म्हणून मुलांनो, असे प्रयोग घरी करू नका. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. आणि जे पाहाल ते त्याच दिवशी वहीत लिहून शिक्षकांना दाखवा.

आपल्या बोलीतील ‘किमया’ हा शब्द अरबीतून आला. त्याच वाटेने युरोपात ‘केमिस्ट्री’ हा शब्द रुजला. हे शास्त्र आपल्याला परके नाही. पालकहो, मुलगा वा मुलगी कामाला लागली तरी रात्री त्यांच्या हातात पुस्तक राहू द्या. दिव्याचा खर्च फुकट जाणार नाही.