भातखंडे आणि माझी गिटार

गिटारच्या कॉर्ड्स आपण सगळेच पाठ करतो. त्या बनतात कशा, हे मला समजलं पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यामुळे. कॉन्व्हेंटमध्ये डो-रे-मी शिकले होते. सा-रे-ग-म भेटलं ते शुक्रवार पेठेतल्या घरी, आजीच्या पेटीवर.

भातखंडेंचा जन्म १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरला. शिक्षण वकिलीचं, नाद सतारीचा. त्या काळी घराण्याची विद्या सहसा बाहेर जात नसे. पत्नी आणि मुलगी गेल्यावर त्यांनी पुढे वकिली सोडली आणि आयुष्य संगीताला दिलं. गावोगाव फिरून उस्तादांच्या चिजा मिळवल्या, स्वरलिपीत छापल्या. १९०४ च्या दक्षिण दौऱ्यानंतर व्यंकटमखीच्या ७२ मेळांचा अभ्यास करून उत्तरेच्या रागांसाठी १० थाट मांडले. १९२६ मध्ये लखनौला संगीत कॉलेज उभं केलं. १९३६ मध्ये ते गेले.

आपल्या रागसंगीतात कॉर्ड नाही. पण त्यांचा बिलावल थाट म्हणजेच मेजर स्केल! त्यातला एकाआड एक स्वर घ्या. सा-ग-प : सा ते ग ४ फ्रेट, ग ते प ३, झाली मेजर कॉर्ड. रे-म-ध : आधी ३, मग ४, मायनर. नि-रे-म : ३ आणि ३, डिमिनिश्ड. बस्स, पाठांतर संपलं.

कुलपातली विद्या या माणसाने पुस्तकात आणली, म्हणून ती हॉस्टेलच्या रूमपर्यंत पोचली. आज रात्री गिटार घ्या आणि फ्रेट मोजून बघा.