एमिलचे लेखक : एरिक केस्टनर



आगगाडीत डोळा लागला आणि खिशातले पैसे चोरीला गेले, तर तुम्ही काय कराल? ‘एमिल आणि गुप्तहेर’ या जर्मन कादंबरीतल्या एमिलवर हाच प्रसंग येतो. आईने कष्टाने साठवलेले ते पैसे बर्लिनच्या आजीला द्यायचे असतात. चोर सापडतो, पण पुरावा? एमिलने नोटा कोटाच्या अस्तराला टाचणीने अडकवल्या होत्या. नोटांवरची ती बारीक भोकेच चोराला पकडून देतात!

ही गोष्ट लिहिणारे एरिक केस्टनर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८९९ रोजी ड्रेसडेन शहरात झाला. वडील खोगिरे बनवणारे कारागीर. आई बायकांची केशरचना करून संसाराला हातभार लावी. एमिलची आईही हेच काम करते. अठराव्या वर्षी एरिकना सैन्यात जावे लागले. तिथल्या जाचक कवायतीने त्यांचे हृदय अधू झाले आणि युद्धाचा कायमचा तिटकारा बसला. पुढे ते बर्लिनला आले. १९२९ मध्ये ‘एमिल’ प्रसिद्ध झाली आणि घरोघरी पोचली.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. १० मे रोजी बर्लिनच्या चौकात पुस्तकांची होळी झाली. स्वतःची पुस्तके जळताना केस्टनर यांनी गर्दीत उभे राहून पाहिली. ‘एमिल’ तेवढी त्या आगीतून वाचली. अनेक लेखक देश सोडून गेले. केस्टनर गेले नाहीत. आई तिथे होती आणि जे घडत होते ते डोळ्यांनी पाहायचे होते. त्यांच्या लिखाणावर बंदी आली.

एमिलच्या टोळीत एक छोटा मुलगा आहे. सगळे चोरामागे धावतात तेव्हा तो निरोपांसाठी घरी टेलिफोनपाशी बसून राहतो. १९३१ च्या चित्रपटात ही भूमिका करणारा हान्स लोर हा केस्टनर यांचा लाडका बालवाचक होता. १९४२ मध्ये तो युद्धात मारला गेला.

युद्ध संपल्यावर, १९४९ मध्ये, केस्टनर यांनी ‘प्राण्यांची परिषद’ लिहिली. तिच्यात प्राणी मुलांसाठी माणसांना युद्ध थांबवायला लावतात. १९६० मध्ये त्यांना हान्स अँडरसन पुरस्कार मिळाला. २९ जुलै १९७४ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

मुलांनो, ‘एमिल’ जरूर वाचा. शेवटी एमिलची आजी खास शाबासकी कोणाला देते, ठाऊक आहे? खेळायला धावून न जाता टेलिफोनपाशी बसून राहिलेल्या त्या छोट्याला!