गीता मुखर्जी : सात वेळा खासदार, एक अपुरं विधेयक



महिला दिन जवळ आला की आपल्या भाषणांत तीच चार-पाच नावं येतात. यंदा एक वेगळं नाव सांगते, गीता मुखर्जी. बंगालमध्ये सगळे त्यांना गीतादी म्हणत.

त्यांचा जन्म 1924 चा. विद्यार्थी चळवळीतून त्या कम्युनिस्ट पक्षात आल्या. पती विश्वनाथ मुखर्जी हेही त्याच पक्षाचे नेते. 1948 मध्ये पक्षावर बंदी आली तेव्हा त्यांनी तुरुंगवास भोगला. 1967 ते 1977 त्या आमदार होत्या. नंतर 1980 मध्ये मेदिनीपूर जिल्ह्यातल्या पांसकुडा मतदारसंघातून लोकसभेवर गेल्या आणि तिथून सलग सात निवडणुका जिंकल्या! खासदार असूनही रेल्वेने साध्या स्लीपरच्या डब्यातून प्रवास करायच्या, असं त्यांना ओळखणारे सांगतात. आणि हो, आपल्या कामाची गोष्ट म्हणजे त्यांनी मुलांसाठी पुस्तकंही लिहिली, त्यात लहान मुलांसाठी रवींद्रनाथांवरचं एक आहे.

पण त्यांचं नाव राहिलं ते महिला आरक्षण विधेयकामुळे. 1993 च्या घटनादुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, म्हणून तर आपल्या गावोगावी सरपंचबाई दिसू लागल्या. मग संसदेत का नको? आपल्याकडच्या प्रमिला दंडवतेही याच मागणीसाठी झटत होत्या. सप्टेंबर 1996 मध्ये विधेयक लोकसभेत आलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. अध्यक्ष गीतादी. अशा समित्यांचं काम कसं रेंगाळतं ते आपण जाणतोच, पण या समितीने 9 डिसेंबरला अहवाल दिलासुद्धा.

अहवाल बारकाईचा होता. मसुद्यात 'एक तृतीयांशाहून कमी नाही' असे शब्द होते. समितीला ते मोघम वाटले, म्हणून 'शक्य तितकं एक तृतीयांशाच्या जवळ' असा बदल सुचवला. (व्याकरण शिकवताना हे उदाहरण मी नक्की वापरणार आहे.) आरक्षण 15 वर्षांसाठी असावं, राज्यसभा आणि विधानपरिषदेतही ते देण्याचा मार्ग शोधावा, ओबीसी महिलांचा योग्य वेळी विचार व्हावा, असंही सुचवलं. या शेवटच्या मुद्द्यावरच पुढे खरा वाद पेटला. मला तो प्रश्न चुकीचा वाटत नाही, पण त्याच्या आडून अनेकांनी विधेयकच अडवलं, हेही खरं.

लोकसभा विसर्जित झाली, विधेयक बुडालं. 1998 मध्ये तर भर सभागृहात त्याच्या प्रती फाडल्या गेल्या. 1999 मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं. सत्तरी ओलांडलेल्या गीतादी प्रत्येक वेळी पुन्हा उभ्या राहात होत्या. 4 मार्च 2000 रोजी, महिला दिनाच्या चार दिवस आधी, त्या गेल्या. तेव्हाही त्या खासदारच होत्या.

2010 मध्ये राज्यसभेने विधेयक मंजूर केलं, लोकसभेत ते आलंच नाही. शेवटी सप्टेंबर 2023 मध्ये नव्या रूपात दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. अंमलबजावणी मात्र जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, त्यामुळे 2024 ची निवडणूक आरक्षणाशिवायच झाली.

वर्गात नकाशावर पांसकुडा दाखवायचं असेल तर हावडा-खडगपूर रेल्वेमार्गावर शोधा. गाव सापडेल. लोकसभेच्या यादीत मात्र शोधू नका, 2009 च्या निवडणुकीआधीच्या फेररचनेत तो मतदारसंघच राहिला नाही.