समजून घेऊया : पंखालगतची हवा ओळखणारे डॉ. घाटगे

घरातला पंखा दिवसभर फिरतो, तरी पात्यावरची धूळ उडत नाही. कारण पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्यासोबतच फिरते. विमानाच्या पंखावरही हवेचा असाच पातळ थर असतो. इंदिरानगरमधून ओझरच्या दिशेने जाणारे विमान दिसले, तर त्याची सुरक्षितताही या थरावर अवलंबून असते.

जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये हा थर समजावून सांगितला. त्यांच्याच हाताखाली ग्योटिंगेन येथे शिकलेले मराठी अभियंते म्हणजे डॉ. विष्णू माधव घाटगे.

थर सुटला तर?

थरातली हवा शांत वाहिली, तर घर्षण कमी होते आणि इंधन वाचते. पण असा थर पृष्ठभागावरून लवकर सुटतो. खळबळ असलेल्या थरात घर्षण वाढते, मात्र वरची वेगवान हवा खाली मिसळत राहिल्याने तो जास्त वेळ चिकटून राहतो. थर सुटला की पंखाची उचल घटते. म्हणून काही विमानांच्या पंखांवर छोट्या पट्ट्या बसवून मुद्दाम खळबळ निर्माण करतात. ती कुठे हवी आणि कुठे नको, हे ठरवणे हेच खरे नियंत्रण.

हसूरचंपू ते बेंगळुरू

घाटगे यांचा जन्म १९०८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे झाला. १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले. तेव्हा देशात विमानांचा कारखानाच नव्हता. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बेंगळुरूत तो उभारला आणि घाटगे तिथे रुजू झाले. तेथील भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विमानशास्त्रही शिकवले.

त्यांच्या चमूने घडवलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. भारतातच आराखडा होऊन तयार झालेले ते पहिले विमान मानले जाते. शिकाऊ वैमानिक उतरताना वेग कमी करतो आणि नाक जास्त उचलतो. नेमकी तेव्हाच पंखावरची हवा सुटू शकते. अशा चुकीतूनही सावरता येईल, असे विमान त्याला लागते.

पुढे १९६४ मध्ये ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान आले. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या एचएएलमध्ये एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची उत्पादन साखळी सुरू झाली. घाटगे यांनी सुरू केलेले काम आता नाशिककरांच्या दारात आले आहे.